पाचशे रुपयांच्या आतल्या काही खरेद्या: कुकरची रिंग, धारेचा दगड आणि दोन वजनकाटे

पाचशे रुपयांच्या आतल्या वस्तूचे परीक्षण सहसा कोणी लिहीत नाही, कारण अशी वस्तू फसली तरी हळहळ फार वेळ टिकत नाही आणि उपयोगी पडली तर तिची इतकी सवय होते की ती कधी विकत घेतली होती हेच विसरायला होते. फ्रीज घेण्याआधी ओळखीच्या चार घरी चौकशी होते, दुकानांच्या फेऱ्या होतात, घरात मतभेद होतात. टेफ्लॉन टेप मात्र सुट्ट्या पैशांऐवजीही पिशवीत येऊन पडते. तरीही रोजच्या वापराचा हिशेब मांडला तर या किरकोळ वस्तूंनी दिलेला मोबदला मोठ्या यंत्रांपेक्षा सरस ठरतो, असे माझे मत झाले आहे. गेल्या काही वर्षांत घरात आलेल्या अशा वस्तूंपैकी ज्यांनी स्वतःचे एक नवेच काम काढले त्या बहुतेक माळ्यावर गेल्या आणि ज्यांनी घरात आधीपासून असलेल्या वस्तूला पुन्हा नीट कामाला लावले त्या टिकल्या. येथे ज्यांचा विचार केला आहे त्या बहुतांशी दुसऱ्या प्रकारातल्या आहेत. किमती पुण्यातल्या बोहरी आळीतल्या आणि तिच्या आसपासच्या दुकानांतल्या आहेत. दुकानागणिक दहा-वीस रुपयांचा फरक पडणारच.

पहिला मान कुकरच्या रिंगेचा. तिची किंमत कुकरच्या मापाप्रमाणे साधारण सत्तर ते दीडशे रुपये आहे आणि तिच्या अभावी काय काय सहन केले जाते याची यादी मनोरंजक आहे. झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसू लागली की रिंग फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय सांगितला जातो, काही घरांत कडेला भिजवलेली कणीक थापली जाते, काही घरांत शिट्टीवर चमच्याने टकटक करून तिला जागे करण्याचा प्रयत्न होतो आणि शेवटी ‘डाळच जुनी असेल’ असा निष्कर्ष निघतो. वास्तविक दोष डाळीचा नसतो. शिट्टीचे वजन वाफेला आत कोंडून ठेवते, त्यामुळे आतला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे दुप्पट होतो आणि पाणी १०० ऐवजी जवळपास १२० अंश सेल्सियसला उकळते. या वीस अंशांसाठीच आपण कुकर विकत घेतलेला असतो. रिंग कडक झाली की वाफ शिट्टीपर्यंत पोचण्याआधीच कडेने निसटते, दाब तयार होत नाही आणि आपण महागाचे एक साधे पातेले वापरत राहतो. त्यात पाणी आटून तळाला डाळ लागण्याचा धोका वेगळाच.

जुनी रिंग ओळखण्याची रीत मला बोहरी आळीतल्या एका दुकानदाराने दाखवली. त्यांनी सोबत नेलेली रिंग हातात घेतली, दोन बोटांत चिमटून सोडली आणि पडलेली घडी हळूहळू उलगडत असलेली मला पाहू दिली. “नवी लगेच उसळते, ताई. ही आता विचार करायला लागली,” असे म्हणून त्यांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, “झाकण आतलं की बाहेरचं?” हा प्रश्न महत्त्वाचा आहे. हॉकिन्ससारख्या कुकरचे झाकण आतून वर येऊन कडेला टेकते आणि वाफेचा दाबच ते घट्ट करतो; प्रेस्टीजच्या नेहमीच्या कुकरचे झाकण बाहेरून फिरवून बसते आणि रिंग त्याच्या आतल्या खोबणीत असते. दोन्ही रिंगांचा आकार आणि जाडी वेगळी असल्याने ‘पाच लिटरची द्या’ एवढे सांगणे पुरेसे नाही; कंपनी आणि झाकणाचा प्रकार सांगावा लागतो. त्याच कंपनीची मूळ रिंग पंचवीस-तीस रुपयांनी महाग पडते, पण येथे कंजूषी करू नये, कारण कमअस्सल रिंग पहिल्या महिन्यात उत्तम चालते आणि मग एके दिवशी पाहुणे जेवायला बसलेले असताना ढिली पडते.

रिंगेबरोबर सुरक्षा झडपही पाहून घ्यावी. झाकणावरच्या या छोट्याशा बटणात कमी तापमानाला वितळणारा धातू भरलेला असतो. कुकर कोरडा पडला किंवा वाफेची वाट तुंबली की तो वितळतो आणि वाफेला दुसरी वाट मिळते. ती एकदा उडाल्यावर नवी बसवावी लागते आणि ती मूळ कंपनीचीच हवी, येथे पर्याय शोधण्यात अर्थ नाही. नवी रिंग बसवल्यावर माझ्या जुन्या कुकरची पहिली शिट्टी पूर्वीपेक्षा पुष्कळ लवकर झाली आणि गॅस मंद करण्याच्या वेळा नव्याने ठरवाव्या लागल्या. रिंग अधिक टिकावी यासाठी एवढेच करायचे: प्रत्येक वेळी ती काढून धुवावी, कोरडी करावी आणि झाकण कुकरवर घट्ट लावून न ठेवता उलटे ठेवावे. एवढे केल्यावरही वर्षा-दोन वर्षांनी ती बदलावी लागते, हे गृहीत धरावे.

धारेचा दगड हा त्या मानाने उपेक्षित विषय आहे. पूर्वी सायकलवर चाक बसवून गल्लीत फिरणारा धारवाला हाक देत येई आणि विळ्या, सुऱ्या, कात्र्या घेऊन बायका खाली जात. आता तो काही भागांत अजून येतो, पण आपण घरी असताना येईलच याची खात्री नसते. परिणामी बहुतेक स्वयंपाकघरांत चार सुऱ्या असतात आणि चारही बोथट असतात. बोथट झाली म्हणून नवी सुरी घेणे हा सर्वांत महागडा मार्ग आहे, कारण ती सुद्धा काही महिन्यांत तिथेच पोचते. हार्डवेअरच्या दुकानात शंभर ते दोनशे रुपयांत सिलिकॉन कार्बाइडची एक लांबट वीट मिळते, जिची एक बाजू जाडसर आणि दुसरी बारीक असते. ती पाण्यात भिजवून, खाली ओले फडके घालून ओट्यावर ठेवायची आणि सुरीचे पाते सुमारे पंधरा-वीस अंश कलते धरून, मुठीपासून टोकापर्यंत सगळी कड दगडावरून जाईल अशा रीतीने ओढायचे. कोन कायम ठेवणे एवढीच यातली कला. एका बाजूने पुरेसे घासले गेले की दुसऱ्या बाजूच्या कडेवर अंगठा आडवा, अगदी हलका फिरवल्यास किंचित खरखर लागते. ती लागली की सुरी उलटायची आणि शेवटी बारीक बाजूवर हलक्या हाताने दोन्हीकडून फिरवून ती खरखर घालवायची.

धार लागली की नाही हे पिकलेल्या टोमॅटोवर कळते. पाते नुसते टेकवून ओढले आणि साल न दबता उघडली तर काम झाले. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते, म्हणून बोटे जास्त वेळा कापतात ती बोथट सुरीने, हे अनुभवी हात जाणतातच. याच दगडावर विळीलाही धार लावता येते, फक्त विळीचे पाते जागेवर असल्यामुळे तेथे दगड हातात धरून फिरवावा लागतो आणि ते सावकाशीने, मुले आजूबाजूला नसताना करावे. दातेरी सुरीला मात्र या दगडाचा उपयोग नाही. फटीतून सुरी ओढायची जी छोटी यंत्रे मिळतात ती सोपी आहेत, हे मान्य. पण ती धातू जास्त खरवडतात आणि कोन त्यांच्या मर्जीचा असतो. ज्यांना पाच मिनिटे शिकण्यात घालवायची नाहीत त्यांनी ती घ्यावीत, मी दगडाच्या बाजूने आहे.

नळाच्या तोंडाला बसणारा एरेटर, म्हणजे बोलीभाषेतली नळाची जाळी, ऐंशी ते दोनशे रुपयांत मिळते. तिच्यात पाण्याच्या धारेत हवा मिसळली जाते, त्यामुळे धार भरघोस दिसते पण पाणी कमी येते. साधा नळ पूर्ण सोडला तर मिनिटाला दहा ते पंधरा लिटर पाणी सहज जाते. चांगला एरेटर ते तीन ते सहा लिटरांवर आणतो. घरच्या नळाचा वेग काढायचा असेल तर एक लिटरचे भांडे भरायला किती सेकंद लागतात ते मोजून ६० ला त्या आकड्याने भागावे. मार्च २०२४ मध्ये पाणीटंचाई तीव्र झाली तेव्हा बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने व्यावसायिक आस्थापना आणि निवासी संकुले यांच्या सामायिक नळांना असे एरेटर सक्तीचे केले होते, यावरून या दोन बोटांच्या वस्तूचे वजन लक्षात यावे. उन्हाळ्यात टँकरवर भिस्त असलेल्या पुण्यातल्या सोसायट्यांना वेगळे सांगायला नको.

मात्र जाळी सगळीकडे लावण्याचा उत्साह टाळावा. भांडी घासण्याच्या सिंकला आणि हात धुण्याच्या बेसिनला ती उत्तम, कारण तेथे पाणी वाहते राहते. बादली भरण्याच्या नळाला तिचा काहीही फायदा नाही. बादलीला जेवढे पाणी लागते तेवढेच लागणार, फक्त आंघोळीला जाणारा दारात ताटकळत उभा राहील. सर्वांत वरच्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खाली राहणाऱ्यांकडे दाब आधीच कमी असतो, तेथे जाळी लावली तर करंगळीएवढी धार उरते. शिवाय बोअरचे जड पाणी असेल तर तिच्यात पांढरे क्षार साचून काही महिन्यांत धार वाकडी-तिकडी उडू लागते. अशा वेळी ती उघडून रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात ठेवली आणि जुन्या दातांच्या ब्रशने घासली की पूर्ववत होते.

जाळी बसवताना सोबत टेफ्लॉन टेपचे एक रीळ असावे. दहा-वीस रुपयांची ही पांढरी पट्टी आट्यांवर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे पुढे नळ आवळताना ती उलगडणार नाही अशा बेताने, ताणून चार-पाच वेढे गुंडाळली की थेंब-थेंब गळती थांबते. पूर्वी याच कामाला प्लंबर सफेदा आणि धागा वापरत आणि त्यांची बोटे दिवसभर पांढरी दिसत. या वस्तूबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही, तिने कधी निराश केलेले नाही एवढेच.

आता वजनकाटे. यांतला पहिला, स्वयंपाकघरातला सपाट डिजिटल काटा, अडीचशे ते चारशे रुपयांत येतो, पाच ते दहा किलोपर्यंत मोजतो आणि एक ग्रॅमपर्यंतचा फरक दाखवतो. आपली पाककला वाटीवर चालते आणि वाटी प्रत्येक घरची निराळी असते. तरीही रोजच्या भाजी-आमटीला काट्याची काहीच गरज नाही आणि पोहे वजन करून घेणाऱ्या माणसाकडे मी स्वतः संशयाने पाहीन. काट्याचे खरे काम वर्षातून एकदोनदाच होणाऱ्या, म्हणून हाताला न बसलेल्या पदार्थांत दिसते. अनारशाचेच घ्या. तीन दिवस भिजवलेले तांदूळ निथळून, दमट असतानाच कुटून चाळलेले पीठ वाटीत भरताना किती दाबले यावर त्याचे माप बदलते आणि गूळ किसलेला की चिरलेला यावर गुळाचे. दोन्ही चुका एकाच दिशेने झाल्या की तुपात सोडलेला अनारसा हसतो, म्हणजे विरघळून कढईभर पसरतो, आणि दोष तुपाच्या आचेला दिला जातो. पीठ आणि गूळ वजनाने घेतल्यावर आणि जमलेल्या वर्षीचे आकडे वहीत लिहून ठेवल्यावर पुढच्या दिवाळीला निदान सुरुवात तरी माहितीच्या जागेवरून होते. चकलीच्या मोहनाचे, पुरणातल्या डाळ-गुळाचे आणि लोणच्यातल्या मिठाचे हेच आहे.

या काट्यावरचे शून्यावर आणण्याचे बटण विशेष सोयीचे आहे. परात ठेवून बटण दाबले की परातीचे वजन वजा होते, पीठ घालून पुन्हा दाबले की पुढचा जिन्नस शून्यापासून मोजता येतो, त्यामुळे एकाच भांड्यात सगळे होते आणि मापाच्या वाट्या धुवाव्या लागत नाहीत. दोष दोन आहेत. एक म्हणजे अगदी थोडे जिन्नस, उदाहरणार्थ दोन ग्रॅम यीस्ट, चिमटीचिमटीने टाकले तर काटा ते जमेस धरतच नाही, कारण शून्याजवळचे बारीक चढउतार दुर्लक्षित करण्याची त्याला सवय लावलेली असते. असा जिन्नस आधी वाटीत घेऊन वाटी एकदम ठेवावी. दुसरा म्हणजे आपण कणीक मळण्याच्या विचारात असताना तो आपणहून बंद पडतो आणि मधला हिशेब जातो. विकत घेतल्यावर काटा खरा आहे की नाही हे तपासायला बाजारातून वजने आणण्याची गरज नाही. २०११ सालच्या मालिकेतले पाच रुपयांचे नाणे ६ ग्रॅमचे असते, तेव्हा अशी दहा नाणी ६० च्या अगदी जवळ दिसली पाहिजेत. आणि एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरले पाहिजे. अर्ध्या लिटर दुधाचे वजन मात्र सुमारे ५१५ ग्रॅम भरते, कारण दूध पाण्यापेक्षा किंचित जड असते, त्यामुळे पिशवीत जास्तीचे दूध आले असे समजून हरखून जाऊ नये. या काट्यांवर वैधमापन खात्याचा शिक्का नसतो आणि ते विक्रीसाठी वापरता येत नाहीत. घरगुती दिवाळी फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दुसरा काटा आकड्याचा, हातात धरून खाली सामान टांगायचा. तोही अडीचशे-तीनशे रुपयांचा, ५० किलोपर्यंत मोजणारा. माझ्या मते या सगळ्या खरेदीत हाच सर्वांत अनपेक्षितपणे उपयोगी ठरला. घेतला होता परदेशी जाणाऱ्या बॅगांसाठी. अमेरिकेच्या बहुतेक विमानांत बॅगेला २३ किलोंची मर्यादा असते आणि मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, लाडू यांची भर पडत गेली की घरातल्या साध्या वजनकाट्यावर माणसासकट बॅग उचलून केलेली वजाबाकी किलो-दीड किलोने चुकते. मग विमानतळावर सर्वांदेखत बॅग उघडून कुटुंबात वाटाघाटी होतात. हा काटा वजन स्थिर झाले की आकडा धरून ठेवतो, त्यामुळे बॅग खाली ठेवून शांतपणे वाचता येतो.

पण त्याचा नित्याचा उपयोग सापडला तो गॅसच्या सिलिंडरला. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस भरलेला असतो आणि रिकाम्या सिलिंडरचे वजन प्रत्येकावर निरनिराळे लिहिलेले असते, साधारण १५ ते १६ किलोंच्या दरम्यान. समजा सिलिंडरवर १५.३ लिहिले आहे आणि काट्यावर २१.० दिसले, तर आत ५.७ किलो गॅस उरला आहे, इतके हे सोपे गणित आहे. गॅस बंद करून रेग्युलेटर काढायचा, सिलिंडरच्या वरच्या कड्यातून जाड दोरी ओवायची, आकडा तिच्यात अडकवायचा, काट्याच्या मुठीतून एक भक्कम काठी घालायची आणि दोघांनी दोन टोके धरून सिलिंडर जमिनीपासून दोन बोटे उचलायचा. एकट्याने हा उद्योग करू नये, भरलेला सिलिंडर तीस किलोंच्या घरात जातो. ओले फडके गुंडाळून गॅसची पातळी पाहण्याची युक्ती ज्यांना साधते त्यांना ती लखलाभ होवो. मला त्यात कधीच रेघ दिसली नाही. नवा सिलिंडर आला तेव्हा वजन करून देण्याची मागणी ग्राहकाने वितरकाच्या माणसाकडे करायची असते, तो हक्क आहेच. पण स्वतःचा काटा दारात टांगलेला असला की मागणी करावीच लागत नाही, असाही अनुभव येतो. रद्दीवाले काका आल्यावर तर या काट्याने फार सलोख्याचे वातावरण निर्माण केले. गठ्ठे आधीच मोजून ठेवलेले असल्याने त्यांच्या तराजूवरचा आकडा आणि आमचा आकडा जवळजवळ जुळतो आणि चर्चा फक्त भावावर होते.

फसलेल्या वस्तूही आहेत. दोरी ओढून भाजी चिरणारे यंत्र कांद्याला बरे, पण कोथिंबिरीचा लगदा करते, त्याची पाती धुणे हे जिकिरीचे काम आहे आणि दोरी तुटली की दुरुस्ती नाही. लसूण सोलायची रबरी नळी सुक्या, मोठ्या पाकळ्यांवर चालते आणि आपल्याकडच्या बारीक गावरान लसणापुढे हात टेकते. बॅटरी असलेला दिवा, जो वीज गेल्यावर चालू राहतो, पहिल्या वर्षी फार आवडला. मग बॅटरी दम धरेनाशी झाली आणि आता तो साध्या दिव्यासारखा जळतो, म्हणजे तक्रार करण्यासारखे काही नाही, पण जास्तीचे पैसे वाया गेले.

खरेदी कोठे करावी याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. काटे घरबसल्या मागवले तरी चालतात, कारण नाण्यांनी आणि पाण्याने तपासून चुकीचा निघाल्यास परत पाठवता येतो. रिंग, दगड आणि जाळी मात्र दुकानात जाऊन घ्यावी आणि जाताना जुना भाग सोबत न्यावा. नळाच्या जाळीचे २२ आणि २४ मिलिमीटर असे दोन व्यास प्रचलित आहेत, शिवाय काही नळांना आटे आतून असतात आणि काहींना बाहेरून, तर जुन्या साध्या पितळी नळांना तोंडाशी आटेच नसतात व त्यांना वेगळा जोड लागतो. दोन मिलिमीटरांचा फरक फोटोत दिसत नाही; दुकानदार जुनी जाळी बोटाने नुसती चाचपून योग्य डबा खाली काढतो.